फुल फ्रेम, मिडियम फॉरमॅट की मायक्रो फोर थर्ड्स? आधी लेन्स तराजूत घाला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सध्या २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (प्रकाश टिपणारा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा) कॅमेरा आहे, डोंगरदऱ्यांत फिरून निसर्गाचे फोटो काढता, वर्षाकाठी दोन-चार मोठे प्रिंट भिंतीवर लावता. आता एकदाच काय ते पैसे टाकायचे आहेत. तर ६० मेगापिक्सेलच्या घरातला फुल फ्रेम घ्यावा, त्याहून मोठ्या सेन्सरचा १०० मेगापिक्सेलचा मिडियम फॉरमॅट घ्यावा, की पाठीचा विचार करून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सकडे वळावं?

मी या तिन्ही घरांत राहून आले आहे. मिडियम फॉरमॅट दोन वर्षं वापरला आणि विकून मोकळी झाले. कॅमेऱ्यात काही खोट नव्हती, पण दुसऱ्या वर्षी तो कपाटातच जास्त राहिला. माझ्या मताला हा वास येणार, तेवढं धरून वाचा.

बॉडीवरून आकाराचा अंदाज बांधू नका. मी तिथेच फसले. फुजीची जीएफएक्स १००एस बॅटरी आणि कार्डासकट ९०० ग्रॅमची आहे, निकॉनची फुल फ्रेम झेड ८ आहे ९१० ग्रॅमची. मिडियम फॉरमॅटच हलका! मग लेन्स आल्या. जीएफ ३२-६४ एमएम एफ/४ (एमएमचा आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर दूरचं जवळ; एफचा आकडा लहान तर लेन्सचं छिद्र मोठं) ही ८७५ ग्रॅम, आणि फुल फ्रेमच्या हिशेबात तिची रेंज जेमतेम २५ ते ५१. ११० एमएम एफ/२ एक किलोची, १००-२०० एमएम त्याहून थोडी जास्त. तीन लेन्सचेच जवळपास तीन किलो झाले. निकॉनची २४-१२० एमएम एफ/४ ही एकटी ६३० ग्रॅमची लेन्स माझं निम्म्याहून जास्त काम करते. पैशाचंही असंच. बॉडीची किंमत एकदाच डोळ्यांत भरते, लेन्सचा खर्च मात्र हप्त्याहप्त्याने होतो आणि शेवटी बॉडीला मागे टाकतो.

आता सेन्सर. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी, क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३, म्हणजे सुमारे २२५. जीएफएक्सचा ४३.८ × ३२.९, म्हणजे साधारण १४४०. मायक्रो फोर थर्ड्सवरून फुल फ्रेमवर आलात तर क्षेत्रफळ पावणेचार पटींहून जास्त वाढतं, जवळजवळ दोन स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). फुल फ्रेमवरून जीएफएक्सवर गेलात तर वाढ १.६७ पट, म्हणजे पाऊण स्टॉप. पहिली उडी अंधारात काढलेल्या फोटोत सहज दिसते. दुसरी शोधावी लागते. त्यातही झेड ८ चा बेस आयएसओ (सेन्सरची मूळ, सर्वांत कमी संवेदनशीलता) ६४ आणि १००एसचा १००, म्हणजे झेड ८ ला जास्त प्रकाश घेता येतो. सूर्यप्रकाशात किंवा ट्रायपॉडवर काम करताना त्या पाऊण स्टॉपमधलाही बराचसा भाग तिथेच वळता होतो.

सोनी ए७आर ४ चा ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर, फुजी एक्स-टी ४ चा २६ चा एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान), जीएफएक्सचा १०२ चा आणि फेज वनच्या आयक्यू ४ चा १५१ चा, या चौघांचाही पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचाच आहे. एकाच ताग्यातून रुमाल, पंचा आणि चादर कापावी तसं. कापडाची वीण तीच, तुकडा केवढा हवा त्याचे पैसे. १०० टक्के झूम करून बघितलं तर नॉइजमध्ये (फोटोतल्या दाणेदारपणात) फारसा फरक आढळत नाही तो म्हणूनच. फरक पडतो तो प्रिंट करताना किती ताणावं लागतं यात.

आणि आता ती गोष्ट, जी मला दोन वर्षं वजन वाहिल्यावर उमगली. मोठ्या सेन्सरचा फायदा आपोआप मिळत नाही. समजा, पायाजवळच्या दगडापासून लांबच्या कड्यापर्यंत सगळं शार्प हवं आहे. मायक्रो फोर थर्ड्सवर जे एफ/४ ला साधतं, त्यासाठी फुल फ्रेमवर एफ/८ लागतं आणि जीएफएक्सवर एफ/१० च्या आसपास. छिद्र लहान केलं की प्रकाश कमी झाला. कॅमेरा हातात असेल तर शटर मंद करता येत नाही, मग आयएसओ वाढवा. झालं, मोठ्या सेन्सरने जे दिलं ते आयएसओने परत नेलं. मोठा सेन्सर खऱ्या अर्थाने दोनच वेळा कामाला येतो: छिद्र मोठं ठेवून पार्श्वभूमी धूसर चालत असेल तेव्हा, किंवा ट्रायपॉड लावून शटर हवं तेवढं लांबवता येत असेल तेव्हा. पहाटेच्या चढाला ट्रायपॉड घेऊन जाता का? रोज? आधी स्वतःला खरं सांगा.

प्रिंटचा हिशेब साधा आहे. ए२ कागदाची लांब बाजू २३.४ इंच. तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्याचे ६००० पिक्सेल त्यावर पसरले तर इंचाला २५६ येतात. ४५ मेगापिक्सेलच्या झेड ८ चे ८२५६ पिक्सेल ३५० च्या थोडे वर जातात, आणि १०० मेगापिक्सेलचे ११,६४८ जवळजवळ ५०० ला पोचतात. हातभर अंतरावरून चांगल्या डोळ्यालाही ३०० च्या पुढचं वेगळं काढणं कठीण. मी एकाच दृश्याचे ४५ आणि १०० मेगापिक्सेलचे ए२ प्रिंट शेजारी शेजारी लावून घरातल्यांना विचारलं होतं. सगळ्यांनी प्रिंट निवडला तो ढगांवरून, कारण एकात त्यांची जागा जरा बरी होती. मेगापिक्सेलचा विषयच निघाला नाही.

शिवाय मेगापिक्सेल दुप्पट केले म्हणून तपशील दुप्पट होत नाही, एका बाजूला दीडपटही नाही, १.४१ पट वाढतो. हात किंचित हलला, फोकस बोटभर चुकला, की तेवढंही जातं. १०० मेगापिक्सेलचा कॅमेरा तुमच्या चुकाही तितक्याच बारकाईने टिपतो. पहिल्या महिन्यात मला वाटलं लेन्सच सदोष आहे. सदोष होता तो माझा १/६० सेकंदाचा मंद शटर.

फाइलींचं एका ओळीत सांगते: १०० मेगापिक्सेलची १६ बिटची अनकम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची) फाइल सुमारे २०० एमबीची, ८०० फोटोंची एक सफर म्हणजे १६० जीबी, दोन प्रती ठेवल्या तर ३२०. कॉम्प्युटरही बदलावा लागला तर तो कॅमेऱ्याच्याच खात्यात मांडा.

मग मिडियम फॉरमॅट कोणी घ्यावा? चित्रांची किंवा जुन्या दस्तऐवजांची प्रतिकृती काढणाऱ्यांनी. स्टुडिओत कापड, दागिने टिपणाऱ्यांनी. मीटर-दीड मीटरचे प्रिंट विकणाऱ्यांनी, जे बघायला लोक नाक लावून उभे राहतात. तिथे तो खरंच देखणं काम करतो. ट्रायपॉडवर, बेस आयएसओला, निवांतपणे काढलेल्या माझ्या काही फाइली आजही उघडून बघते आणि विकल्याचं थोडं वाईट वाटतं.

मायक्रो फोर थर्ड्सला मी कमी लेखत नाही, पण त्याचं हलकेपण नीट तपासा. ओएम-१ बॉडी ५९९ ग्रॅम, १२-४० एमएम एफ/२.८ लेन्स ३८२ ग्रॅम. छान. पण प्रकाश आणि खोली (किती भाग शार्प राहतो) या दोन्ही हिशेबांत ती फुल फ्रेमची २४-८० एफ/५.६ ठरते. तेवढ्यावर समाधान असेल तर फुल फ्रेमवरही वजन उतरवता येतं. सोनीची ४० एमएम एफ/२.५ फक्त १७३ ग्रॅमची आहे. पक्षी-प्राण्यांसाठी मात्र मायक्रो फोर थर्ड्सचा मुद्दा अजून जोरकस आहे: तिथे ३०० एमएम लेन्स फुल फ्रेमच्या ६०० एवढं जवळ आणते, त्यांची ३०० एमएम एफ/४ सव्वा किलोच्या आसपास, आणि निकॉनची ६०० एमएम एफ/४ सव्वातीन किलोच्या वर. निकॉनने ६०० एमएम एफ/६.३ दीड किलोच्या आत बसवून तो जोर बराच कमी केला, पण त्याची किंमत जास्त मोजावी लागते.

(लाइका एम ११ चं कोणीतरी सुचवेलच. ६० मेगापिक्सेल, काळी बॉडी ५३० ग्रॅम, चंदेरी ६४०, कारण तिचा वरचा भाग पितळेचा आहे. लहान आकार आणि उत्तम चित्र दोन्ही मिळतं, फक्त ऑटोफोकस सोडावा लागतो आणि पैशाचं बोलायचं नाही.)

तुमच्या जागी मी असते तर खरेदीआधी एक संध्याकाळ जुन्या फोटोंवर घालवली असती. स्वतःला आवडलेले दोनशे फोटो निवडा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांची छिद्रं, फोकल लेंग्थ आणि शटर बघा. मी हे केलं तेव्हा चारातले तीन फोटो एफ/५.६ ते एफ/११ मध्ये निघाले. ज्या एफ/२.८ झूमसाठी मी जादा पैसे आणि जादा वजन दोन्ही मोजलं होतं, ते २.८ मी वापरलंच नव्हतं.

तुमचंही तसंच निघालं तर: ४५ ते ६० मेगापिक्सेलची फुल फ्रेम बॉडी, शक्यतो वापरलेली, कारण बॉडीची किंमत झपाट्याने उतरते. एक एफ/४ झूम, एक छोटी प्राइम (झूम नसलेली) लेन्स, आणि उरलेल्या पैशातून कार्बन फायबरचा असा ट्रायपॉड, जो चढावर सोबत न्यायला जिवावर येणार नाही. तरीही मन मिडियम फॉरमॅटकडे ओढत असेल तर दोन दिवस भाड्याने आणा, तिन्ही लेन्ससकट, आणि तुमच्या नेहमीच्या चढावर घेऊन जा. फक्त बॉडी आणि एक लेन्स घेऊन जाऊ नका. मी तसंच केलं होतं.