वाचकांचे प्रश्न : एजंटला टूल नेमके कसे समजावून सांगावे?

प्रश्न : आमच्या औषधांच्या घाऊक दुकानातून पुरवठादाराच्या पोर्टलवर रोज मागण्या नोंदवाव्या लागतात. त्यासाठी माझ्या भाच्याने ब्राउझर चालवणारा एआय एजंट तयार केला असून त्याला ‘पान वाच’, ‘फोटो घे’, ‘क्लिक कर’, ‘मजकूर भर’ आणि ‘मागणी पाठव’ अशी पाच टूल्स दिली आहेत. प्रत्येकाचे वर्णन मराठीत, एका ओळीचे आहे. उदाहरणार्थ, ‘बटणावर क्लिक करते’. एजंट वारंवार पानाचा फोटो घेतो आणि मग भलतीकडेच क्लिक करतो. गेल्या आठवड्यात तर एकच मागणी दोनदा गेली. भाच्याच्या मते महागडे मॉडेल घ्यावे लागेल. दोष खरोखर मॉडेलचा आहे, की वर्णने मराठीत असल्याचा?

उत्तर : पहिल्या चुकीचे मूळ बहुधा वर्णनांतच आहे, दुसरीतही त्यांचा वाटा आहे, पण सगळा नाही. भाच्याने लिहिलेला कोड मॉडेलला दिसत नाही. टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा आराखडा, एवढ्यावरच त्याला निवड करावी लागते. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्येही (एमसीपी, म्हणजे मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याची सामाईक पद्धत) टूलची ओळख मुख्यतः याच तीन गोष्टींतून होते. ‘बटणावर क्लिक करते’ हे वाक्य खोटे नाही, परंतु कोणत्या बटणावर, ते कसे ओळखायचे आणि त्याआधी काय करायचे, यांपैकी काहीच ते सांगत नाही.

मॉडेलला ब्राउझर चालवण्याची टूल्स पुरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ‘प्लेराइट एमसीपी’मध्येही आपल्यासारखीच दोन टूल्स आहेत : एक पानाचा स्क्रीनशॉट घेते, तर दुसरे पानाचा मजकुरी स्नॅपशॉट देते. स्क्रीनशॉटच्या वर्णनातच बजावले आहे की, त्यावरून कृती करता येणार नाही, कृतीसाठी स्नॅपशॉट वापरावा. यामागचे कारण साधे आहे. स्नॅपशॉट पानाच्या ॲक्सेसिबिलिटी ट्रीवरून, म्हणजे दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर ज्या रचनेचा आधार घेतात तिच्यावरून, तयार होतो आणि त्यात बटणे, चौकटी अशा घटकांना खूण दिलेली असते. फोटोत अशी खूण नसते. आपले ‘क्लिक कर’ अशीच खूण मागत असेल, तर फोटो पाहून बसलेला एजंट ती अंदाजाने रचणार, हे ओघानेच आले. वर्णन असे करून पाहावे : ‘“पान वाच”ने दिलेल्या खुणेच्या घटकावर एकदा क्लिक करते. पान बदलल्यावर जुन्या खुणा चालत नाहीत. आधी “पान वाच” पुन्हा वापरावे. खूण अंदाजाने देऊ नये. मागणी पाठवण्यासाठी हे टूल वापरू नये.’ यातले शेवटचे वाक्य विसरू नये, कारण पाठवण्याचे बटणही शेवटी बटणच असते आणि एजंट दोन्ही वाटांनी तिथे पोहोचू शकतो.

दोनदा गेलेल्या मागणीबाबत माझा तर्क असा की, पोर्टल मंदावले, टूलने ‘वेळ संपली’ एवढेच कळवले आणि एजंटने कर्तव्यदक्षपणे पुन्हा प्रयत्न केला. ‘मागणी पाठव’च्या वर्णनात, आणि तितक्याच स्पष्टपणे त्याच्या त्रुटीसंदेशात, लिहावे की, उत्तर न आल्यास मागणी पुन्हा पाठवू नये, आधी मागण्यांची यादी उघडून ती नोंदली गेली आहे का ते पाहावे. मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. तोच मागणी क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास कोडनेच तो अडवावा आणि पाठवण्यापूर्वी माणसाची संमती घ्यावी.

‘संख्या’ या रकान्याकडेही पाहा. १० म्हणजे १० स्ट्रिप की १० बॉक्स? दुकानातल्या नव्या मुलालाही आपण हे पहिल्याच दिवशी सांगतो. तारखेचेही तसेच : ०३/०४ हा ३ एप्रिल की ४ मार्च, हे ठरवून एका नमुन्यासह लिहावे. याउलट ‘अत्यंत उपयुक्त टूल’ यांसारखी विशेषणे काढून टाकावीत. ती जाहिरातीत शोभतात.

मराठीचा यात दोष नाही. आजची मोठी मॉडेल्स मराठी वर्णने समजू शकतात. देवनागरी मजकुराचे बहुधा अधिक टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते ते) होतात, त्यामुळे खर्च थोडा वाढतो, इतकेच. पथ्य एकच : पोर्टलवर बटणाचे नाव इंग्रजीत असेल, तर वर्णनात त्याचे भाषांतर न करता ते अक्षरशः तसेच, त्याच लिपीत ठेवावे.

बदल केल्यावर ‘मागणी पाठव’ बंद ठेवून जुन्या दहा मागण्या एजंटकडून भरून घ्याव्यात आणि प्रत्येक पायरीवर त्याने कोणते टूल निवडले याची नोंद वाचावी. जिथे तो अडखळेल तिथल्या वर्णनातले एकेक वाक्य दुरुस्त करावे. महागड्या मॉडेलचे दर त्यानंतर मागवले तरी चालतील.