प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : चर्चच्या फाटकावर कन्नड-मराठी फलक

प्रश्न : आमच्या चर्चच्या फाटकावर आजवर फक्त इंग्रजी नाव आहे. आजूबाजूची वस्ती मराठी आणि कन्नड बोलणारी. शेजारपाजारच्यांना आत यायला संकोच वाटू नये म्हणून दोन्ही भाषांत फलक लावायचा विचार आहे. मराठी लिहिलेले चालते का, आणि कोणती भाषा किती मोठी ठेवायची?
– चर्च कमिटीचे सदस्य, खानापूर

उत्तर : चालते. कर्नाटकाचा कन्नड भाषा सर्वांगीण विकास कायदा २०२२ चा. २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार नामफलकाचा ६० टक्के भाग कन्नड हवा आणि कन्नड वरच्या बाजूला हवे. उरलेल्या जागेत दुसरी भाषा लिहायला आडकाठी नाही. या नियमाच्या यादीत दुकाने, हॉटेले, रुग्णालये यांच्या जोडीने ट्रस्टही आहेत. चर्चची मालमत्ता बहुधा एखाद्या ट्रस्टच्या नावावर असते, त्यामुळे ‘आमचे काही दुकान नाही’ यावर विसंबू नका.

हिशेब असा. सहा फूट रुंद, चार फूट उंच फलक घेतला तर उंची ४८ इंच. वरचे २९ इंच कन्नडला, खालचे १९ इंच मराठीला. आता रस्त्यावरून वाचता यावे म्हणून दर दहा फुटांना एक इंच अक्षर धरा. फाटक रस्त्यापासून चाळीस फुटांवर असेल तर अक्षर चार इंचांचे, तेही वेलांटी-उकार सोडून. वेलांटी, रफार आणि खालचे उकार धरले की एका ओळीला सात इंच लागतात. म्हणजे १९ इंचांत मराठीच्या दोनच ओळी, एका ओळीत फार तर १८-२० अक्षरे. कन्नडची जोडाक्षरे ओळीखाली लोंबतात, म्हणून तिथे सहा इंचांच्या अक्षराला अकरा इंच सोडा.

कमिट्या चुकतात ते इथेच. चर्चचे नाव, स्थापना, प्रार्थनेच्या वेळा, फादरांचा फोन आणि वर ‘सर्वांचे स्वागत’, हे सगळे १९ इंचांत कोंबतात आणि मराठी मजकूर औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखा होतो. त्यापेक्षा दोन फलक करा. मोठ्या फलकावर फक्त नाव आणि स्वागत. वेळा, पिण्याचे पाणी कुठे, गाडी कुठे लावायची, फाटक किती वाजेपर्यंत उघडे, हे तीन बाय दोन फुटांच्या दुसऱ्या फलकावर, फाटकाच्या आत, डोळ्यांच्या उंचीला. त्यावरही कन्नड वर ठेवा. दोन्ही भाषांत मजकूर अगदी सारखा हवा. कन्नडमध्ये चार सूचना आणि मराठीत दोनच, असे झाले की स्वागत राहते बाजूला, तक्रार आधी येते.

फलक आवाराच्या आतच उभा करा. रस्त्याच्या कडेच्या जागेत खांब रोवायचा तर ग्रामपंचायत किंवा बांधकाम खाते, शहरात महानगरपालिका आणि बेळगावच्या कॅम्प भागात कँटोन्मेंट बोर्ड, यांचा कागद आधी हातात हवा.

प्रश्न : संगणकावर मजकूर बरोबर दिसत होता. छापून आला तेव्हा वेलांट्या सरकलेल्या, जोडाक्षरे मोडलेली आणि दोन अनुस्वार गायब. दोष कोणाचा?
– निपाणी

उत्तर : यात दोन वेगळे दोष आहेत. पहिला फॉन्टचा. फलक करणाऱ्यांकडे जुने कोरलड्रॉ (मजकूर-चित्रे मांडायचे सॉफ्टवेअर) असते, आणि कन्नडसाठी नुडी, मराठीसाठी श्रीलिपी यांचे जुन्या पद्धतीचे फॉन्ट. तुम्ही मोबाइलवरून युनिकोड मजकूर पाठवता, तो तिथे चिकटवला की पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेले अक्षर दिसते. मग तिथला मुलगा घाईत हाताने दुरुस्त करतो, आणि त्याला दोन्हीपैकी एकच भाषा वाचता येते. उपाय सोपा आहे. मजकूर युनिकोड नीट हाताळणाऱ्या संगणकावर मांडून घ्या, अक्षरांचे ‘कर्व्ह’ करून पीडीएफ द्या. कर्व्ह झाल्यावर अक्षर म्हणजे नुसती आकृती, फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. मात्र त्यानंतर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून मूळ फाईलही जपून ठेवा.

अनुस्वार गेले ते व्हिनाइल (अक्षरांसाठीचा चिकट प्लास्टिकचा कागद) कापताना. अक्षरे कापल्यावर भोवतालचा नको असलेला भाग सोलून काढतात. त्या ओढीत देवनागरीचे सुटे टिंब बरोबर निघून जाते. कन्नडचा अनुस्वार अक्षराशेजारी मोठा गोल असतो, तो सहसा टिकतो. तिथे फाटतात त्या खाली लोंबणाऱ्या जोडाक्षरांच्या बारीक रेषा. चार इंचांच्या अक्षराला टिंब किमान पाऊण इंचाचे ठेवायला सांगा आणि ठळक फॉन्ट घ्या. ‘येणाऱ्यांचे’ मधला ऱ्या मुद्दाम तपासा, मराठीची सवय नसलेल्या फॉन्टमध्ये तिथे हमखास घोळ होतो.

पक्के करण्यापूर्वी खऱ्या मापाची एक कागदी पट्टी छापून फाटकावर चिकटवा. कन्नड शाळेत शिकलेल्या एकाला आणि मराठी शाळेत शिकलेल्या एकाला ती रस्त्यापलीकडून मोठ्याने वाचायला लावा.

प्रश्न : फ्लेक्स, पत्रा की एसीपी (अॅल्युमिनियम-प्लास्टिकची शीट)? आमच्याकडे काळी माती आहे, खांब कलतात.
– बैलहोंगल

उत्तर : फ्लेक्स एका पावसाळ्याचा सोबती, जत्रेपुरता ठीक. चार मिलिमीटरची एसीपी शीट घ्या. ती आठ बाय चार फुटांची मिळते, सहा बाय चारचा तुकडा एकसंध निघतो. मागे एक इंची चौकोनी पाइपची चौकट : भोवताली २० फूट, मध्ये दोन उभ्या पट्ट्यांचे ८ फूट, एकूण २८. पाइप २० फुटी येतो, दोन नग पुरतात. शीट नुसत्या दुतर्फी टेपवर चिकटवू देऊ नका, उन्हाने टेप सुटते. रिव्हेट मारा, आणि भोक रिव्हेटपेक्षा थोडे मोठे ठेवा. एसीपी उन्हात वाढते. जागा नसली की फुगवटा येतो. चौकटीच्या खालच्या पाइपला दोन-तीन भोके पाडा, नाहीतर आत साचलेले पाणी तिला आतून खाते. वरची उघडी तोंडे वेल्डिंगने बंद करा.

कुंपणाची भिंत आड येत नसेल तर फलकाची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर पुरे. साडेतीन, फलकाचे चार आणि जमिनीत अडीच, असे दहा फूट होतात. एका २० फुटी अडीच इंची पाइपचे बरोबर दोन खांब. दीड बाय दीड, अडीच फूट खोल असे दोन खड्डे आणि १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, दोन्हींना मिळून साधारण दोन पोती सिमेंट. हे मुरमाचे झाले. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला धरून हलवते. तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जा, खांबही तेवढा लांब घ्या. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच वर आणि चहूकडे उताराचा काढा. खांब गंजतो तो नेमका मातीच्या रेषेत.

खानापूरकडे चिऱ्याच्या भिंतीवर फलक लावणाऱ्यांनी साधे फास्टनर टाळावेत. आवळताना चिरा भुगा होतो, पहिल्या वाऱ्यात फलक ढिला पडतो. भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे रुंद पट्टी हेच खरे.

प्रश्न : कोकणी आणि इंग्रजीही घालावी का? घरी बरेचजण कोकणी बोलतात.
– खानापूर

उत्तर : मोठ्या फलकावर नको, अक्षर लहान होते. आतल्या सूचनाफलकावर जरूर घाला. वेळांचे आकडे मात्र सगळ्यांना वाचता येणारे इंग्रजीच ठेवा, आणि ती पट्टी सुटी, बदलता येणारी करा.

प्रश्न : रंग कोणते? आणि कोणी काळे फासले तर?
– बेळगाव

उत्तर : पांढऱ्यावर गडद निळा, किंवा गडद हिरव्यावर पांढरा. पिवळा-लाल (कन्नड झेंड्याचा) आणि भगवा (मराठी झेंड्याचा) दोन्ही टाळा. आपल्या भागात हे रंग अक्षरांच्या आधी वाचले जातात. तांबडा रंग शिवाय उन्हात सर्वांत आधी उडतो. उद्घाटन १ नोव्हेंबरच्या आसपास ठेवू नका. एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिवस, तुमच्या फलकाला त्यात ओढायचे कारण नाही. डिसेंबरचा पहिला आठवडा चांगला, हवा कोरडी असते आणि नाताळही तोंडावर आलेला.

छापील व्हिनाइलवर पारदर्शक लॅमिनेशन मागा. ऑइलपेंट ओला असेल तोवर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने निघतो, आधी कोपऱ्यात करून पाहा. थिनर लावू नका, तो छपाईही विरघळवतो. वाळलेला रंग खरवडण्यापेक्षा शीट बदला. त्यासाठी चौकट खांबांना वेल्डिंग न करता आठ बोल्टांवर बसवा, म्हणजे दोन माणसे ती खाली उतरवू शकतात. आणि कर्व्ह केलेली फाईल फलकवाल्याच्या संगणकात न ठेवता पेन ड्राइव्हवर चर्चच्या कपाटात ठेवा.