चित्राचा अर्थ लिहून द्यायचा तर जात उघडी पडते

प्रिय मुली,

इतर वाचकांसाठी तुझं पत्र आधी थोडक्यात सांगते. तू कोल्हापूर जिल्ह्यातली. मुंबईत चित्रकला शिकलीस आणि आता भाड्याच्या खोलीत राहून चित्रं काढतेस. वडील आणि काका चपला बनवतात, पण मुंबईत सगळ्यांना ‘वडिलांचा छोटा बिझनेस आहे’ एवढंच ठाऊक. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा तुझे मित्रमैत्रिणी ‘आमची कोल्हापुरी’ म्हणत भांडत होते आणि तू एक अक्षर बोलली नाहीस. आता एका समूह प्रदर्शनासाठी तुझी तीन चित्रं निवडली गेली आहेत. एका चित्रातल्या बाईचे ओठ चामड्याच्या वादीनं शिवलेत, एकीच्या चेहऱ्याच्या जागी पिंजरा आहे. तिसरी चामडं टोचायची आरी धरून बसलीये आणि तिच्या कानांच्या जागी चपलेचे कान, म्हणजे चपलेच्या बाजूच्या पट्ट्या आहेत. आयोजकांना या प्रतीकांचा अर्थ आणि तुझी ओळख लेखी हवी आहे. खरं लिहिलं तर जात कळेल, नाही लिहिलं तर चित्रंच खोटी पडतील असं तुला वाटतं. त्यात आईनं मोबाइलवर फोटो बघून विचारलं, ‘आम्ही काय कमी केलं गं तुला?’

आधी चित्रांबद्दल बोलते. पिंजरा आणि शिवलेले ओठ मी फार ठिकाणी पाहिलेत. तू ते चांगले रंगवलेस, पण ते कुणाचेही असू शकतात. आरीचं चित्र दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही. ती मूठ वर्षानुवर्षं जवळून पाहिलेली आहे आणि चामड्याचा रंग बाभळीच्या सालीत, हिरड्यात मुरलेल्या चामड्याचाच आहे.

चित्रकार तय्यब मेहतांनी १९४७ च्या दंगलीत महंमद अली रोडवर खिडकीतून पाहिलं, की जमावानं एका माणसाला ठार मारलं. वांद्र्याच्या कत्तलखान्यातले बैलही त्यांनी पाहिले होते. कोसळणारी माणसं आणि जखडलेला बैल पुढे दशकानुदशकं त्यांच्या कॅनव्हासवर येत राहिले. तुझ्याकडे आरी आहे, चामडं कापायची रापी आहे, पाण्यात भिजत पडलेलं कातडं आहे. त्याचा वास आहे, ज्यावरून शाळेत तुला वेगळं बसवलं असं तू लिहिलंस. मग पिंजरा उसना कशाला घेतेस? त्याच्या जागी दुसरं चित्र देता येईल का, आयोजकांना विचारून बघ.

आता ओळखीचं. कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, हे तू ठरवायचं, प्रदर्शनाच्या तारखेनं नाही. भूपेन खख्खर बडोद्यात हिशेबनिसाचं काम करत चित्रं काढायचे. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ त्यांनी १९८१ मध्ये रंगवलं, वयाच्या सत्तेचाळिशीत. बाल्कनीत उभा एक नग्न माणूस आणि समोर बाप, लेक, गाढवाची गोष्ट. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष म्हणून ते उघडपणे समोर आले, ते या चित्रातून. नागपूरचे सवी सावरकर मात्र अस्पृश्यांच्या गळ्यातलं मडकं, झाडू आणि देवदासी थेट रंगवत आले. दोघांच्याही चित्रांत मला खोट दिसत नाही.

तू सांगावंस असं मला मनापासून वाटतं. लाज वाटायची तर ती तुला वेगळं बसवणाऱ्यांना. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यासाठी लोक जगाशी भांडायला उठतात, आणि ती शिवणाऱ्याच्या मुलीला खोली भाड्यानं देताना आडनाव विचारतात. हे रंगवायला हवं आणि तुझ्या तिसऱ्या चित्रात ते आलेलं आहे. पण सांगितल्यानंतर घरमालकाला आणि ओळखीच्यांना तोंड तू देणार आहेस, मी नाही. म्हणून माझं मत हुकूम समजू नकोस.

लेखी निवेदनात अर्थ सांगायची गरज नाही. वस्तू काय आहेत ते लिही: ‘ही आरी. हिनं चामड्याला भोक पाडून वादी ओवतात. मी लहानपणापासून हे पाहत आले.’ यात खोटं काही नाही आणि तुला हवं त्याहून जास्तही काही नाही. ‘वडिलांचा बिझनेस’ हे शब्द मात्र तिथे नकोत. एकदा छापले की ते निभावत बसावं लागेल.

आईला फोनवर समजावू नकोस. छोट्या पडद्यावर तिला शिवलेले ओठ दिसले, ती घाबरणारच. आरीचा कॅनव्हास गुंडाळून घरी घेऊन जा आणि वडिलांना विचार, हात बरोबर आलाय का, चपलेचा कान नीट बसलाय का. ते चूक काढतील, काढू दे. आणि त्यांच्या कामाचा उल्लेख करणार असशील तर आधी त्यांची परवानगी घे. ती ओळख त्यांचीही आहे, आणि गावात राहायचं त्यांना आहे.

झोप लागत नाही, ब्रश उचलला की छातीत धडधडतं, हे तू एका ओळीत उरकलंस. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. चित्रानं मन मोकळं होतं, पण ते उपचाराची जागा घेत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. गावाला जायची वाट पाहू नकोस, आजच फोन कर.

तुझी,
ताई