खाणीच्या रस्त्याखाली पाइप किती? दहा मिनिटांच्या सरीवर ठरवा

सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडे पाऊस मुळात कमी, मग खाणीच्या रस्त्याखाली ९०० मिलिमीटर व्यासाचा एकच हुम पाइप (काँक्रीटचा) चालेल का, असं तुम्ही विचारलंय. दिलेल्या मापांवर चालणार नाही. वर्षाचा पाऊस इथे कामाचा नाही. खानापूर, आटपाडी, जतकडे पावसाचे दिवस थोडे, पण वळीव किंवा परतीचा पाऊस आला की अर्ध्या तासात ओढा दुथडी भरतो.

रस्त्याकडे उतरणारं क्षेत्र १२ हेक्टर. त्यातला ५ हेक्टर गवताळ उतार, वाहून येण्याचा गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसातला वाहत येणारा हिस्सा, ०.४. मुरमाचा ढिगारा ३ हेक्टर, ०.५. क्रशरचं आवार आणि उघडा कातळ ४ हेक्टर, ०.९. क्षेत्र गुणिले गुणांक, अशा तिन्ही गुणाकारांची बेरीज ७.१. सगळ्याला सरसकट ०.४ लावलं तर ४.८ येतात, म्हणजे एक तृतीयांश पाणी कागदावरच गायब.

लांबचं पाणी ४०० मीटर येतं, उतार २० मीटरचा. ते रस्त्याशी पोचायला किर्पिचच्या सूत्राने साधारण ६ मिनिटं. तरी १० धरा, त्याहून लहान सरीचे आकडे भरवशाचे नसतात.

हवामान खात्याकडून जवळच्या केंद्राचा, २५ वर्षांत एकदा अपेक्षित असलेला २४ तासांचा पाऊस घ्या. तो १२० मिलिमीटर आहे असं समजू. १० मिनिटं म्हणजे २४ तासांचा १४४ वा भाग. २४ तासांच्या पावसावरून लहान सरीचा पाऊस काढायला या भागाचं घनमूळ घेतात, ते ०.१९१. म्हणजे १० मिनिटांत २३ मिलिमीटर, ताशी १३७. आता ७.१ × १३७ ÷ ३६० (हेक्टर आणि ताशी मिलिमीटरचे घनमीटर करायला ३६०) = सेकंदाला २.७ घनमीटर.

खरी चूक पुढे होते. शंभराला एक उतारावर ९०० चा पाइप मॅनिंगच्या (वाहत्या पाण्याचा वेग काढायच्या) सूत्राने सेकंदाला १.८ घनमीटर नेतो, म्हणून दोन पुरतील असं वाटतं. पण पाणी आधी तोंडातून आत शिरायला हवं! तोंडाशी पाणी पाइपाच्या माथ्यापर्यंत चढलं तरी जेमतेम १ घनमीटर आत जातं. बाकीचं तुंबतं, रस्त्यावरून उलटतं आणि खालच्या बाजूचा भराव कापत नेतं. म्हणून तीन पाइप टाका. दोन्ही तोंडांना दगडी भिंत आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली दगडी फरसबंदी हवीच.

पाइपांकडे पाणी आणणाऱ्या वरच्या चराला तळ १ मीटर, बाजू एकास एक, पाण्याची खोली ०.८५ आणि वर ०.३ मीटर मोकळं ठेवा. त्यात पाणी सेकंदाला १.७ मीटर पळतं, नुसता मुरूम टिकत नाही, पिचिंग (दगडी अस्तर) करा.

खाणीच्या खड्ड्याचा हिशेब वेगळा, तिथे वेग नाही, साठा बघायचा. २ हेक्टर खड्ड्यात १२० मिलिमीटर म्हणजे २,४०० घनमीटर; ताशी ६० घनमीटरचा पंप ४० तास चालेल.

पाइपांच्या आधी गाळाचा खड्डा ठेवा आणि मे लागायच्या आत उपसा. क्रशरची भुकटी ओली झाली की सिमेंटसारखी बसते, आणि तळाशी २० सेंटिमीटर बसली की वरचा सगळा हिशेब चुकला.