कृष्णविवराच्या पृष्ठभागावर माहिती साठते याचा अर्थ काय, आणि त्यावरून आपले विश्व आभासी ठरते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. कृष्णविवरात पडलेल्या वस्तूची माहिती त्याच्या पृष्ठभागावर साठते असे जे वाचायला मिळते त्याला आधार काय, ही पहिली; आणि ते खरे असेल तर आपले त्रिमितीय जग हा कुठल्यातरी दूरच्या पृष्ठावरील चित्राचा आभास मानायचा का, ही दुसरी. दुसरीचे उत्तर आधी देतो. या चर्चेमागे जे होलोग्राफिक तत्त्व आहे ते जगाला आभासी म्हणत नाही. अवकाशाच्या एखाद्या भागात जास्तीत जास्त किती माहिती मावू शकते याची मर्यादा ते सांगते, आणि ती मर्यादा त्या भागाच्या घनफळावरून न ठरता त्याला वेढणाऱ्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावरून ठरते असा त्याचा मूळ दावा आहे. हा दावा ऐकायला साधा असला तरी माझ्या मते गेल्या अर्धशतकातील भौतिकशास्त्रातला तो सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष आहे. तो कृष्णविवरांच्या अभ्यासातूनच का निघाला हे समजले की पुढचे बरेचसे गैरसमज आपोआप दूर होतात.

कोणतेही वस्तुमान पुरेशा लहान जागेत दाबले गेले तर त्याच्याभोवती अशी एक सीमा तयार होते, की तिच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी या सीमेची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर भरते, तर पृथ्वीएवढ्या वस्तुमानासाठी ती जेमतेम ९ मिलिमीटर असते. या सीमेला घटना क्षितिज म्हणतात. तेथे कोणतेही घन कवच नसते. महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या व्यक्तीला ते ओलांडताना विशेष काही जाणवणारही नाही, असे आइन्स्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धांत सांगतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तीच व्यक्ती क्षितिजाजवळ जाताना अधिकाधिक मंदावत, लालसर होत आणि अंधूक होत गेलेली दिसते. बाहेर उरते ते केवळ कृष्णविवराचे वस्तुमान, त्याचे परिवलन आणि त्याचा विद्युतभार. आत तारा गेला की दगड, हे बाहेरून ओळखण्याचा कोणताही मार्ग या सिद्धांतात उरत नाही.

अडचण येथेच सुरू होते. प्रिन्स्टनमध्ये जॉन व्हीलर यांनी आपला विद्यार्थी जेकब बेकेनस्टाइन याच्यापुढे ती एका चहाच्या पेल्याच्या रूपात मांडली होती. गरम चहा थंड चहाजवळ ठेवला की विश्वाची एन्ट्रॉपी वाढते आणि ती वाढ कधीही पुसता येत नाही; पण दोन्ही पेले कृष्णविवरात टाकले तर त्या वाढीचा पुरावाच नाहीसा होईल, मग एकूण एन्ट्रॉपी कधीही घटत नाही या उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचे काय? बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या एका स्थितीमागे आतल्या कणांच्या किती वेगवेगळ्या मांडण्या दडलेल्या असू शकतात याचे मोजमाप म्हणजे एन्ट्रॉपी. आपल्याला ठाऊक नसलेल्या माहितीचे ते प्रमाण आहे असे म्हटले तरी चालेल. बेकेनस्टाइन यांनी १९७२ साली उत्तर सुचवले, की कृष्णविवराला स्वतःची एन्ट्रॉपी असते आणि ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. त्याच्या आदल्याच वर्षी स्टीफन हॉकिंग यांनी सिद्ध केले होते, की कृष्णविवरे एकमेकांत मिसळली तरी त्यांच्या क्षितिजांचे एकूण क्षेत्रफळ कधीही घटत नाही. कधीही न घटणारी राशी म्हटल्यावर एन्ट्रॉपी आठवणे स्वाभाविक होते, तरीही खुद्द हॉकिंग यांना हे साम्य वरवरचे वाटत होते. ज्याला एन्ट्रॉपी आहे त्याला तापमानही असले पाहिजे, आणि ज्याला तापमान आहे त्याने प्रारण सोडले पाहिजे. कृष्णविवर तर काहीच बाहेर सोडत नाही.

हा आक्षेप पुढे हॉकिंग यांच्याच गणिताने दूर झाला. क्षितिजाजवळच्या अवकाशाला क्वांटम सिद्धांत लावून पाहिल्यावर १९७४ साली त्यांना आढळले, की कृष्णविवर अत्यंत मंद असे औष्णिक प्रारण सोडते. सूर्याएवढ्या कृष्णविवराचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दहा कोटी भागांपैकी सुमारे ६ भाग इतकेच भरते, त्यामुळे ते प्रत्यक्ष मोजण्याची आशा नाही; पण तापमान आहे हे ठरल्यावर एन्ट्रॉपीचे नेमके सूत्रही ठरले. क्षितिजाचे क्षेत्रफळ प्लांक लांबीच्या वर्गात मोजावे आणि त्या आकड्याला चाराने भागावे. प्लांक लांबी किती लहान, तर एका मीटरचे एकावर ३५ शून्ये इतके भाग केले तर त्यांतील सुमारे १.६ भागांएवढी. म्हणून क्षितिजाच्या एका चौरस सेंटिमीटरमागे येणारी एन्ट्रॉपी एकावर ६५ शून्ये इतकी प्रचंड निघते. आजच्या सूर्याची एन्ट्रॉपी याच एककात सुमारे एकावर ५८ शून्ये इतकी आहे. त्याच वस्तुमानाचे कृष्णविवर केले तर ती एकावर ७७ शून्ये इतकी होईल.

आता या सूत्रातील खरी विलक्षण गोष्ट पाहा. धान्याच्या कोठीची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर तिच्या भिंतींचे क्षेत्रफळ चौपट होते, पण धान्य आठपट मावते. साठवण घनफळाप्रमाणे वाढते हा आपला रोजचा अनुभव आहे. माहितीच्या बाबतीतही आपण हेच गृहीत धरतो. कृष्णविवराची त्रिज्या दुप्पट केली तर त्याची एन्ट्रॉपी मात्र चौपटच वाढते. यावर कोणी म्हणेल की कृष्णविवर ही चमत्कारिक वस्तू आहे, तिचा नियम तिच्यापुरता राहू द्यावा. पण तसे करता येत नाही, आणि त्यामागचा युक्तिवाद कोणालाही समजण्यासारखा आहे. समजा, एका गोलाकार भागात काही पदार्थ आहे, त्याचे अजून कृष्णविवर झालेले नाही, आणि त्याची एन्ट्रॉपी त्या गोलाएवढ्या कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीपेक्षा जास्त आहे. आता बाहेरून त्यावर आणखी पदार्थ बरोबर इतकाच कोसळू द्या, की त्याच आकाराचे कृष्णविवर तयार होईल. पदार्थ वाढवूनही एन्ट्रॉपी घटली, म्हणजे दुसरा नियम मोडला. तो नियम मोडत नसेल तर आपले गृहीतच चुकीचे होते, आणि त्या गोलात पृष्ठाच्या क्षेत्रफळाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त माहिती आधीही मावू शकत नव्हती. ती मर्यादा फक्त कृष्णविवरच पूर्णपणे गाठते. बाकी सर्व पदार्थ तिच्या कितीतरी खाली राहतात, म्हणून रोजच्या व्यवहारात ती आपल्या लक्षात येत नाही.

यामागचे कारणही दडलेले नाही. माहिती साठवायची तर ऊर्जा लागते आणि ऊर्जा गुरुत्वाकर्षण निर्माण करते. अवकाशाच्या प्रत्येक सूक्ष्म घनात स्वतंत्र नोंद ठेवायची ठरवली, तर ती पूर्ण होण्याच्या फार आधीच साठलेल्या ऊर्जेमुळे तो सगळा भाग कोसळून कृष्णविवर बनेल. घनफळाप्रमाणे केलेली मोजणी ज्या अवस्था गृहीत धरते, त्यांतील बहुतेक अवस्था गुरुत्वाकर्षण अस्तित्वातच येऊ देत नाही.

हेरार्ड 'ट हूफ्ट यांनी १९९३ साली आणि त्यानंतर लवकरच लेनर्ड ससकिंड यांनी हा विचार तत्त्वाच्या पातळीवर नेला. एखाद्या भागात जे काही घडते त्याचे संपूर्ण वर्णन त्याच्या सीमापृष्ठावरील, म्हणजे एक मिती कमी असलेल्या, सिद्धांतात करता आले पाहिजे, असे त्यांनी मांडले. डेनिस गॅबर यांनी शोधलेल्या होलोग्रामच्या सपाट पट्टिकेत त्रिमितीय दृश्याची माहिती साठवलेली असते, त्यावरून हे नाव आले. साम्य तेवढ्यापुरतेच आहे आणि ते पुढे ताणू नये. या दोघांना या प्रश्नाकडे ढकलणारे आणखी एक कारण होते. हॉकिंग यांचे प्रारण सोडत कृष्णविवर कालांतराने नाहीसे होते, आणि ते प्रारण आत काय पडले याचा काहीच मागमूस ठेवत नसेल तर माहिती विश्वातून कायमची नष्ट झाली असे म्हणावे लागेल, असा दावा हॉकिंग यांनी १९७६ साली केला होता. क्वांटम सिद्धांतात मात्र माहिती नष्ट होण्यास जागाच नाही. आत पडलेली प्रत्येक नोंद बाहेरच्या निरीक्षकाच्या दृष्टीने क्षितिजावरच शिल्लक राहते आणि प्रारणातून हळूहळू परत येते असे मानले, तर हा पेच सुटण्याची वाट दिसते. आपण वाचलेले ‘पृष्ठभागावर माहिती साठते’ हे विधान मूळचे येथले आहे. आत पडणाऱ्याचे वर्णन वेगळे असेल, पण हे दोघे आपापली वर्णने समोरासमोर ठेवून कधीच ताडून पाहू शकत नाहीत, हा ससकिंड यांचा मुद्दा होता.

इथपर्यंत हे तत्त्व म्हणजे भक्कम युक्तिवादावर उभी असलेली एक अपेक्षा होती. १९९६ साली अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा यांनी मूलकण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपने असे मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांताच्या आधारे एका विशिष्ट प्रकारच्या कृष्णविवराच्या अंतर्गत अवस्था एकेक करून मोजल्या आणि बरोबर क्षेत्रफळाचा चतुर्थांश हेच उत्तर मिळाले. या मोजणीत भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. अशोक सेन यांनी तिची दिशा आधीच दाखवली होती, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेले व २०१९ साली इटलीतील त्रिएस्ते येथील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक झालेले अतीश दाभोळकर यांनी या सूत्रात येणाऱ्या क्वांटम दुरुस्त्यांवर मोलाचे काम केले आहे. पुढे १९९७ च्या अखेरीस हुआन माल्दासेना यांनी एक ठोस उदाहरणच मांडले. ऋण वक्रता असलेल्या एका पंचमितीय अवकाशकालातील गुरुत्वाकर्षणासहित सिद्धांत, आणि त्याच्या चतुर्मितीय सीमेवरील गुरुत्वाकर्षणविरहित क्वांटम सिद्धांत, हे दोन्ही एकच आहेत. आतल्या प्रत्येक राशीला सीमेवर एक प्रतिरूप आहे आणि दोन्हीकडची उत्तरे जुळतात. याची काटेकोर गणिती सिद्धता नसली तरी असंख्य स्वतंत्र पडताळण्यांत ते टिकले आहे. सीमेवरचा सिद्धांत साधा क्वांटम सिद्धांत असल्यामुळे त्यात माहिती नष्ट होऊ शकत नाही, म्हणून आतल्या कृष्णविवरातही ती नष्ट होत नसणार. हॉकिंग यांनी २००४ साली डब्लिन येथे आपले मत बदलले आणि जॉन प्रेस्किल यांच्याशी लावलेली पैज हरल्याचे मान्य केले. माहिती प्रारणात नेमकी कशी परतते याची गणना मात्र २०१९ साली दोन स्वतंत्र गटांनी केली, तेव्हा कोठे प्रारणाची एन्ट्रॉपी आधी वाढून मग घटत जाते असा डॉन पेज यांनी १९९३ मध्ये वर्तवलेला आलेख गुरुत्वाकर्षणाच्या गणितातून हाती आला.

आता आपल्या दुसऱ्या शंकेकडे परत येतो. माल्दासेना यांच्या उदाहरणात सीमेवरचे वर्णन खरे आणि आतले खोटे, असा भेद कोठेही केलेला नाही. दोन्ही वर्णने तुल्यबळ आहेत. एक प्रश्न आत सोडवणे सोपे जाते, तर दुसरा सीमेवर. एवढे म्हणता येते, की आतल्या बाजूची जादा मिती सीमेवरील कणांच्या परस्परसंबंधांतून उभी राहते. २००६ साली शिन्सेई र्‍यू आणि तादाशी ताकायानागी यांनी दाखवले, की सीमेवरील दोन भागांमधील क्वांटम एंटँगलमेंट, म्हणजे त्यांच्यातील क्वांटम गुंतवणूक, ही आतल्या एका विशिष्ट पृष्ठाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, आणि तिचे सूत्र कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीच्या बेकेनस्टाइन-हॉकिंग सूत्रासारखेच चतुर्थांशाचे आहे. पण एखादी गोष्ट दुसऱ्या कशापासून बनली आहे म्हणून ती आभासी होत नाही. तापमान रेणूंच्या हालचालींतून निर्माण होते, तरी ताप आलेल्या माणसाला तो खराच असतो.

प्रत्यक्ष निरीक्षणांचा आधार किती, हेही स्पष्ट असावे. १४ जानेवारी २०२५ रोजी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या शोधयंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची अतिशय सुस्पष्ट नोंद केली. मीलनापूर्वी दोघांच्या क्षितिजांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते आणि नंतरच्या कृष्णविवराचे ते सुमारे ४ लाख भरले, त्यामुळे हॉकिंग यांचा १९७१ चा क्षेत्रफळाचा नियम भक्कमपणे तपासला गेला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळा अशा मोजण्यांत भर घालील. मात्र ही तपासणी सगळ्या विचारसाखळीच्या पहिल्या दुव्याची आहे. होलोग्राफिक तत्त्वाचा थेट प्रायोगिक पुरावा आज नाही, आणि ‘विश्व होलोग्राम असल्याचे सिद्ध झाले’ अशा मथळ्यांवर आपण विश्वास ठेवू नये.

सर्वांत मोठी अडचण आपल्या विश्वाच्याच आकाराची आहे. माल्दासेना यांच्या अवकाशाला कडा आहे. प्रकाश तेथपर्यंत जाऊन ठरावीक वेळात परत येऊ शकतो, म्हणून सीमेवर सिद्धांत लिहिता येतो. आपले विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावत आहे हे १९९८ साली दूरच्या अधिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून कळले, आणि अशा विश्वाला तशी कडा नसते. प्रसरणाऱ्या अवकाशात ‘आत’ आणि ‘सीमा’ यांचा अर्थच बदलतो, म्हणून राफाएल बूसो यांनी १९९९ मध्ये माहितीची मर्यादा पृष्ठापासून आत जाणाऱ्या प्रकाशकिरणांच्या आधारे नव्याने मांडली आणि ती आपल्या विश्वालाही लागू पडते असे दिसते. गॅरी गिबन्स व हॉकिंग यांनी तर १९७७ सालीच दाखवले होते, की अशा विश्वात प्रत्येक निरीक्षकाभोवती एक वैश्विक क्षितिज असते आणि त्यालाही तेच चतुर्थांशाचे सूत्र लागू होते. आपल्या बाबतीत तो आकडा सुमारे एकावर १२२ शून्ये इतका येतो. म्हणजे मर्यादा ठाऊक आहे, पण तेवढ्या नोंदी कोणत्या समीकरणांनुसार बदलतात हे सांगणारा, माल्दासेना यांच्या उदाहरणाच्या तोडीचा सिद्धांत आपल्या विश्वासाठी अजून मांडला गेलेला नाही, आणि या विषयातील बरेचसे संशोधन सध्या त्याच्याच मागे आहे.