जवारी आणि सूत: नवा तानपुरा घेतलेल्यांसाठी

जवारी म्हणजे घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) माथ्याला दिलेला अगदी हलका उतार. तार कंप पावताना त्या उतारावर घासते, म्हणून तानपुरा नुसता टणटण न वाजता गुंजतो. मिरजेचे कारागीर ही जवारी हाताने, कानाने काढतात.

सुरुवातीला एवढंच करा:

१. चारही तारांखालची सुतं (बारीक सुती धागे) घोडीवरून बाजूला सारा. आधी जोडीच्या (मधल्या दोन) तारा षड्जात, म्हणजे ‘सा’त, मग खर्ज (चौथी, जाड तार) खालच्या ‘सा’त, शेवटी पहिली तार पंचमात, म्हणजे ‘प’त. बारीक फरक मण्याने (घोडीच्या खाली तारेत ओवलेल्या) काढा. मणी घोडीपासून लांब सरकवला की सूर चढतो.

२. आता तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा घ्या, एकेरीच. तार छेडत तो केसभर सरकवा. एका जागी आवाज एकदम उघडतो, तिथेच थांबा. खर्जाची जागा जोडीपेक्षा वेगळी निघेल, साहजिक आहे.

चुका ठरलेल्या: दुहेरी किंवा नायलॉनचा दोरा, आणि सूर उतरलेला असताना सुताशी झटापट. सूर नीट लागला नसेल तर सूत काहीच करू शकत नाही!

घोडीला पॉलिश पेपर मात्र चुकूनही लावू नका. तारेने चर पाडला असेल तर वाद्य सरळ मिरजेला न्या.