आधी माध्यमाचा रंग बघ

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. आतड्यातले जिवाणू कर्करोगाच्या पेशींच्या मरणावर काय परिणाम करतात, हा विषय मोलाचा आहे. पण पहिल्याच पानावर आतड्यातल्या जिवाणूंचे ‘चांगले’ आणि ‘वाईट’ असे दोन कप्पे केले आहेस, ते आधी मोड.

उदाहरण म्हणून ब्युटिरेट हे छोटं मेदाम्ल घे. भाकरी, डाळी, पालेभाज्यांतला चोथा मोठ्या आतड्यात पोचला की जिवाणू तो आंबवतात आणि ब्युटिरेट तयार होतं. आतड्याच्या अस्तरातली निरोगी पेशी ते इंधन म्हणून जाळते. कर्करोगाच्या पेशीची भिस्त ग्लुकोजवर. तिच्यात ते न जळता साठतं, केंद्रकात शिरतं, जनुकं बंद ठेवणाऱ्या एचडॅक एन्झाइमांना अडवतं आणि पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे स्वतःच स्वतःला शिस्तीत संपवून, मरते. एकीचं अन्न ते दुसरीचं मरण.

आता तुझ्या ‘वाईट’ कप्प्यातला फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. राहतो दातांच्या किटणात, पण मोठ्या आतड्याच्या गाठींतही सापडतो. शांघायच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं, की तो गाठीतल्या पेशींत ऑटोफॅजी वाढवतो. म्हणजे पेशी स्वतःचेच मोडके भाग पचवून तग धरते आणि ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देऊनही मरत नाही. हाच जिवाणू अमिनो आम्लं आंबवून स्वतः ब्युटिरेट बनवतो! कुठल्या कप्प्यात घालशील त्याला? कोणती पेशी, ती कशाने मरते, मरण कसं टाळते, हे प्रश्न पहिल्या पानावर हवेत.

प्रयोगाबद्दल एक सांगतो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी जिवंत जिवाणू पेशींवर घातले. सकाळी फ्लास्क काढला तर पेशी गोल होऊन तरंगत होत्या. अपॉप्टोसिस मिळाला म्हणून मी हरखलो आणि तीन महिने त्यामागे घालवले. पेशी ज्यात वाढवतात ते लाल द्रव माध्यम आम्लाने पिवळं पडतं, आणि ते पिवळं पडलेलं रोज डोळ्यांसमोर होतं. जिवाणूंनी आम्ल सोडलं होतं, पेशी त्यानेच मेल्या होत्या. ते तीन महिने मला आजही सलतात, तुझे जाऊ नयेत.

म्हणून माध्यमाचा पीएच, म्हणजे आम्लता, प्रत्येक वेळी नोंदव. उष्णतेने मारलेल्या जिवाणूंचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा संच, ठेव. मरणाऱ्या पेशी रंगवणाऱ्या नुसत्या ॲनेक्सिनवर विसंबू नकोस, अपॉप्टोसिस घडवणारं कॅस्पेज-3 एन्झाइम बघ. आणि ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीत, ऑटोफॅजीची खूण असलेल्या एलसी3-2 प्रथिनाची पट्टी ठळक झाली म्हणजे ऑटोफॅजी वाढली असं लगेच लिहू नकोस. शेवटच्या टप्प्यावर ती तुंबली तरी पट्टी तशीच ठळक होते. हा शेवटचा टप्पा अडवणारं क्लोरोक्विन घालून आणि न घालता, दोन्ही ब्लॉट शेजारी ठेव, मगच बोल.

सोमवारी येताना कंट्रोलचा तक्ता घेऊन ये. फ्युसोबॅक्टेरियम वाढवायला ॲनारोबिक जार, म्हणजे ऑक्सिजन नसलेली बंद बरणी, लागेल. तो कुणाकडून मागायचा तेही ठरवून ये.

तुझा,
सर